एकाच मीटरवर दोन घरं, मधली लाईन गळते आहे. दुरुस्ती कोणी करायची?

मागचं_घर

नागपूरच्या मानेवाडा रोडच्या आतला जुना लेआउट. प्लॉट मुळात एकच होता, पण पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा वेगवेगळ्या लोकांना विकला गेला. नळाचं कनेक्शन मात्र एकच राहिलं, बिल दोन्ही घरं अर्धं-अर्धं भरतात. मीटर पुढच्या घराच्या गेटाशी. तिथून अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाईन पुढच्यांच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीतून मागे येते. मीटरपासून साधारण ६ मीटरवर टी (तीन तोंडांचा जोड) आहे. एक फाटा पुढच्यांच्या जमिनीतल्या टाक्यात जातो, दुसरा तसाच ११ मीटर पुढे मागच्या घराच्या टाक्यापर्यंत. लाईन २५ वर्षांच्या वरची. व्हॉल्व्ह फक्त मीटरजवळ, टीनंतर एकही नाही.

नळ सकाळी ६ ते ८ येतो. मीटरपासून सात-आठ मीटरवर, म्हणजे टीच्या थोडं पुढे, पेव्हर ब्लॉक खचले आहेत आणि दिवसभर ओले असतात. जमीन काळी, उतार किंचित मागच्या बाजूला. पुढच्या घरचे काका म्हणतात, ओल टीच्या पुढे आहे म्हणजे तुमचा फाटा गळून राहिला, खर्च तुमचा. आणि दोन घंट्यांच्या पाण्यात असं किती गळणार, पावसाळ्यानंतर पाहू.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गळती नेमकी कोणाच्या भागात आहे हे न भांडता कसं ठरवायचं? खर्चाचा नियम काय? आणि काकांनी पेव्हर उचलू दिले नाहीत तर?

आटे_आणि_टेफ्लॉन

पहिलं काम, ओल दिसते तिथे गळती आहे हे डोक्यातून काढा. दोघांनीही काढा. जुन्या लाईनचा चर म्हणजे मोकळी भरलेली माती आणि दोन्ही बाजूंना घट्ट काळी माती. काळ्या मातीतून पाणी सहजी झिरपत नाही, म्हणून ते चरातूनच उताराकडे धावतं आणि जिथे भराव खचलेला असेल तिथे वर येतं. गळती गेटाजवळ आणि ओल पाच मीटर मागे, हे नेहमीचं आहे. तुमचा उतार मागे आहे, म्हणजे संशय टीच्या अलीकडेही तेवढाच.

ठरवायचं मीटरवर. साध्या घरगुती मीटरला काळे आकडे असतात, ते युनिट, १ युनिट म्हणजे १००० लिटर. खाली लहान लाल काटे. सगळ्यात बारीक काट्यावर ०.०००१ लिहिलेलं असतं, त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे १ लिटर. नळ आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं काही मोजू नका, तेव्हा लाईनीतली हवा निघत असते आणि हवेनेही मीटर पळतं. मग दोन्ही टाक्यांचे बॉल कॉक (टाकं भरलं की पाणी बंद करणारे तरंगते नळ) दोरीने वर बांधा. बॉल कॉकचं रबर झिजलं असेल तर बांधूनही थेंब पडतो आणि ती गळती जमिनीतली वाटते, म्हणून टाक्यात डोकावून एकदा बघाच. नळावरून थेट भरणारी कूलरची लाईन, बागेचा नळ असलं सगळं बंद. आता १० मिनिटं घड्याळ लावून लाल काटा मोजा.

एवढ्याने गळती आहे की नाही आणि किती आहे ते कळेल. कोणत्या भागात, ते कळायला टीपाशी जावंच लागेल. टीवरचे चार-सहा पेव्हर काढा, दीड फूट बाय दीड फुटाचा खड्डा घ्या आणि टीच्या दोन्ही बाहेर जाणाऱ्या तोंडांवर एकेक अर्धा इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवा. या खड्ड्याचा आणि व्हॉल्व्हचा खर्च दोघांचा, कारण उत्तर दोघांनाही हवं आहे. मग त्याच दिवशी तीन वाचनं घ्या:

दोन्ही व्हॉल्व्ह बंद: काटा फिरला तर मीटर ते टी हा सामायिक भाग गळतो आहे.
फक्त पुढचा उघडा: जेवढं वाढलं तेवढं काकांच्या फाट्यात.
फक्त मागचा उघडा: जेवढं वाढलं तेवढं तुमच्या फाट्यात.

वाचनं घेताना काकांना शेजारी उभं करा आणि आकडा त्यांनाच वाचू द्या.

जुना जीआय टी खोलताना एक पाना पाईपवर आणि दुसरा टीवर, उलट दिशेने धरायचा. एकच पाना लावून जोर दिला की पाईप जमिनीत फिरतो आणि पलीकडच्या सॉकेटात कुजलेले आटे तुटतात. अशी नवी गळती दुरुस्तीच्या दिवशीच तयार होते आणि तिचं खापर मग दुसऱ्यावर फुटतं. पाईप आट्याजवळ सालपटासारखा सुटत असेल तर आटे फिरवायच्या भरीस पडू नका. हॅक्सॉने कापा, डायने नवे आटे पाडा आणि युनियन (पाईप न फिरवता जोडता-खोलता येणारा जोड) टाका.

सायकल_ट्यूब

तोवर पाणी थांबवायचं असेल तर पाईप उघडा करून सायकल ट्यूबची पट्टी तीन-चार वेढे ताणून गुंडाळा आणि वर दोन होज क्लिप आवळा. दुकानात अर्ध्या इंची जीआयचा रबरवाला रिपेअर क्लॅम्पही मिळतो. भोक बारीक असेल तर पावसाळा निघतो. एम-सील लावायचं तर पाईप पूर्ण कोरडा हवा, लाईन बंद हवी आणि घट्ट व्हायला वेळ द्यायला हवा. ओल्या पाईपवर, नळ चालू असताना थापलेलं एम-सील पकडत नाही.

आटे_आणि_टेफ्लॉन

क्लॅम्प तात्पुरता चालेल, पण २५ वर्षं जमिनीत असलेल्या जीआयला एक भोक पडलं म्हणजे पुढची रांगेत आहेत. क्लॅम्प लावाल तर तारीख लिहून ठेवा आणि तो खड्डा बुजवू नका, वर फक्त फरशी ठेवा.

कलम_आणि_कागद

खर्चाचं आधी मोकळं करतो. मीटरच्या आधीचा भाग, म्हणजे रस्त्यातल्या लाईनपासून मीटरपर्यंत, तिथली गळती पाणीपुरवठ्याच्या झोन कार्यालयात नोंदवायची, तिथे स्वतः हात लावायचा नाही. मीटरच्या पुढचं सगळं घरमालकांचं. तुमचा वाद पूर्ण मीटरच्या पुढचा आहे, म्हणून तो दोन घरांनाच मिटवायचा आहे.

कायदा म्हणजे भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२. सुखाधिकार म्हणजे आपल्या जागेसाठी दुसऱ्याच्या जागेतून पाणी, वाट वगैरे नेण्याचा हक्क. हा कायदा मुंबई इलाख्याला पुढे १८९१ मध्ये लागू झाला, पण मध्य प्रांतात, म्हणजे नागपुरात, तो पहिल्यापासून आहे. कामाची कलमं मोजकी.

कलम १३: एका मालकाच्या जागेचे दोन तुकडे होऊन विकले गेले आणि त्या वेळी पाईप उघडपणे, सतत वापरात होता, तर तो तसाच चालू ठेवण्याचा हक्क मागच्या तुकड्याबरोबर येतो, खरेदीखतात उलट काही लिहिलेलं नसेल तर. तुमचं प्रकरण इथेच बसतं. म्हणून दोन्ही खरेदीखतं आधी वाचा.

कलम २४: हक्काबरोबर दुरुस्तीसाठी आत जाण्याचा हक्कही येतो. कायद्यातलं उदाहरणच पाईपचं आहे. शेजाऱ्याच्या जमिनीतून पाण्याचा पाईप नेण्याचा हक्क असेल तर तो दुरुस्त करायला जमीन खोदता येते, पण वरचा भाग होता तसा करून द्यावा लागतो. तेही शेजाऱ्याला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने. म्हणजे काकांना कायमचं 'नाही' म्हणता येत नाही, आणि तुम्हाला न सांगता कुदळ मारता येत नाही.

कलम २५: दुरुस्तीचा खर्च ज्याचा हक्क त्याचा.

कलम २६ लोक विसरतात. पाईप दुरुस्त न केल्यामुळे शेजाऱ्याच्या जागेचं नुकसान झालं, तर भरपाई पाईपवाल्याने द्यायची. तुमच्या फाट्यातल्या पाण्याने काकांची भिंत ओली झाली किंवा फरशी खचली तर ती तुमच्या अंगावर येते. म्हणून 'पावसाळ्यानंतर पाहू' हे काकांच्या नाही, तुमच्याच तोट्याचं आहे.

आता तुमच्या लाईनीला हे लावून पाहा. टीच्या पुढचे ११ मीटर फक्त तुम्ही वापरता, तिथे कलम २५ सरळ लागू, खर्च तुमचा, पेव्हर परत बसवण्यासकट. टीपासून काकांचं टाकं, त्यांचा. मीटर ते टी या ६ मीटरांतून दोघांचं पाणी जातं, जमीन काकांची असली तरी. तिथे एकट्यावर खर्च टाकायला आधार नाही, निम्मा-निम्मा हाच न्याय. एक अपवाद: एखाद्याच्या कामाने पाईप तुटला असेल, म्हणजे गेटाचा कॉलम, बोअर, गाडीचा शेड, तर ज्याचं काम त्याचा खर्च.

सोसायटी_सचिव

फ्लॅटवाल्यांनी हा धागा वाचून गोंधळू नये. सहकारी गृहनिर्माण संस्थेत बाहेरच्या सामायिक पाईपची गळती संस्थेने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतली संडास, सिंक वगैरेची ज्याची त्याने. आदर्श उपविधीत, म्हणजे संस्थांच्या नमुना नियमावलीत, तसं लिहिलेलं आहे. पाण्याच्या खर्चाची वाटणीही तिथे फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर असते.

मागचं_घर

खड्डा घेतला, व्हॉल्व्ह बसले. काकांनीच काटा वाचला. १० मिनिटांत: दोन्ही बंद असताना ३ लिटर. फक्त पुढचा उघडा, तरी ३. फक्त मागचा उघडा, ५.

म्हणजे सामायिक भागात ३ आणि आमच्या फाट्यात २. टीपासून गेटाकडे हाताने माती उकरली तर गेटाच्या पायरीखाली पाईप काँक्रीटमध्ये शिरतो तिथे बारीक धार आहे. काका आता सामायिक भागाचं मान्य करतात, पण म्हणतात त्यांच्याकडे दोनच माणसं, मागे सहा, तर खर्च माणसांवर वाटा. शिवाय ५ लिटरने असं काय बिल येतं, हेही आहेच.

कलम_आणि_कागद

माणसांवर पाण्याचं बिल वाटता येतं, पाईपचा खर्च नाही. पाईप गंजतो तो मातीने आणि वर्षांनी. त्यातून दोन माणसांचं पाणी गेलं की सहांचं, याने गंज कमी-जास्त होत नाही. काकांचा मुद्दा बिलापुरता रास्त आहे, तो मान्य करा आणि प्रत्येक फाट्यावर स्वतंत्र मीटर लावून बिल वापराप्रमाणे वाटा. तुम्ही बिलात झुकलात तर काकांना दुरुस्तीत झुकायला जड जाणार नाही.

नळ_ते_पेला

काकांचा हिशोब बिलाचा आहे, आणि बिलापुरता तो खरा आहे. १० मिनिटांत ५ लिटर, तासाला ३०, रोज दोन तास म्हणजे ६० लिटर, महिन्याला १८०० लिटर. दोन युनिटही नाहीत. हीच गळती चोवीस तास नळ असलेल्या वस्तीत रोज ७२० लिटर, महिन्याला २१ युनिटांच्या वर गेली असती आणि टप्प्याच्या दराने बिल चढलं असतं.

पण दोन तास नळ असणाऱ्या घराला खरा धोका उरलेल्या २२ तासांचा आहे. दाब असतो तेव्हा पाणी भोकातून बाहेर पडतं. नळ गेला की लाईन रिकामी होताना आत ओढ बसते आणि चरात साचलेलं तेच पाणी, माती आणि गडर (सांडपाण्याच्या) लाईनचं पाझरलेलं काही असेल तर तेही, त्याच भोकातून पाईपमध्ये शिरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाण्यासोबत ते दोन्ही टाक्यांत जातं. काविळीची आणि टायफॉइडची ही नेहमीची वाट आहे. भोक सामायिक भागात असल्यामुळे काकांचं टाकंही तेवढंच धोक्यात. त्यात कोणी थेट लाईनीवर टुल्लू पंप लावत असेल तर ओढ कितीतरी पटीने वाढते. थेट लाईनीला पंप लावायला बंदी आहे ती शेजाऱ्याचं पाणी पळतं एवढ्यासाठीच नाही.

पावसाळ्यात चर पाण्याने भरलेलाच राहतो. म्हणून पावसाळ्यानंतर नाही, मृग लागायच्या आत करा. दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही घरांनी पहिली पाच-सात मिनिटं पाणी टाक्यात न घेता झाडांना सोडावं आणि पिण्याचं पाणी खळखळ उकळावं.

खड्ड्यातलं पाणी नळाचं की गडरचं ही शंका असेल तर ओटी चाचणी करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. खड्ड्यातलं पाणी पिवळं झालं तर ते नळाचं, प्रश्न मिटला. नाही झालं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मातीत क्लोरीन लवकर संपतं.

आटे_आणि_टेफ्लॉन

पायरीखाली भोक निघालं यात नवल नाही. पाईपचा एक भाग काँक्रीटमध्ये आणि लगतचा ओल्या मातीत असला की त्या सीमेवरच गंज सगळ्यात जोरात चालतो. तुमचा फाटाही गळतो आहे, म्हणजे पूर्ण लाईन संपली. १७ मीटर चर खोदायचाच आहे तर जीआय परत टाकू नका.

मुळात टी जमिनीत कशाला हवा? टी उचलून मीटरच्या लगेच पुढे, जमिनीच्या वर आणा. तिथून दोन स्वतंत्र पाईप एकाच चरात टाका, एक काकांच्या टाक्यापर्यंत, एक तुमच्या. खोदाई तेवढीच, पाईप फक्त ६ मीटर जास्त. सामायिक भाग उरतो वीतभर, तोही गेटाजवळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पुढे कधी गळलं तर कोणाचं हा प्रश्नच येत नाही.

पाईप निळा एमडीपीई (लवचीक पॉलिथिनचा) घ्या, गुंडाळीत येतो, जमिनीत एकही जोड लागत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाईपला दोन्हीकडून ओढते. चिकटवलेला यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी अशा ओढीत जोडावर तडकतो, एमडीपीई वाकून घेतो. काकांच्या लाईनीला २० मिमी, ६ मीटर अधिक दोन्हीकडचे चढ मिळून ९ मीटर. तुमची लाईन लांब आहे आणि काकांचं टाकं जवळ, पाणी आधी तिकडेच पळणार. म्हणून तुम्ही २५ मिमी घ्या, २० मीटर. आतला व्यास चार मिमीने वाढला तरी त्याच पाण्याला घर्षण साधारण एक तृतीयांशावर येतं. मीटर अर्धा इंचीच असल्याने पाणी दुप्पट होणार नाही, पण लांबीचा मार कमी बसेल.

बाकी सामान: अर्धा इंची पितळी टी १, पितळी बॉल व्हॉल्व्ह २ (आत्ता खड्ड्यात बसवलेलेच काढून वापरा), पितळी एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) २, युनियन २, जीआय निपल ४ इंची पाच-सहा, कॉम्प्रेशन मेल अडॅप्टर २० मिमी बाय अर्धा इंच २ नग आणि २५ मिमी बाय अर्धा इंच २ नग, टेफ्लॉन दोन रोल, आणि पायरीखालून नेण्यासाठी ५० मिमी पीव्हीसी पाईप ३ मीटर. बिल वापराप्रमाणे वाटायचं असेल तर दोन छोटी मीटरं याच टीनंतर बसतील, एनआरव्हीच्या आधी.

दुकानात फसगत इथे होते: एमडीपीईचा २० मिमी हा बाहेरचा व्यास. अर्धा इंची यूपीव्हीसी बाहेरून २१.३ मिमी आणि अर्धा इंची सीपीव्हीसी १५.९ मिमी असतो. म्हणून '२० चा कपलर द्या' म्हणून आणलेला कॉम्प्रेशन कपलर यूपीव्हीसीवर चढत नाही आणि सीपीव्हीसीवर सैल बसतो. पाईपचा वीतभर तुकडा सोबत न्या. आणि प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी निपल कधी पिळू नका, तो उभा चिरतो. धातूच्या आत प्लास्टिकचा आटा, हेच बरोबर.

चर एक फूट रुंद, दीड फूट खोल. गाडी जाते तिथे दोन फूट. तळात १० सेंटीमीटर रेती, त्यावर दोन्ही पाईप चार बोटं अंतर ठेवून, ताणून नाही तर थोडे नागमोडी, म्हणजे माती हलली तरी लांबी उरते. वर पुन्हा १२ सेंटीमीटर रेती. १७ मीटरला एकूण ४५ घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास सांगा (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). खोदलेली काळी माती पाईपला लागू देऊ नका. वर मुरूम टाकून थराथराने पाणी मारत ठोका, नाहीतर पहिल्या पावसात पेव्हर परत खचतील आणि काका परत तुम्हालाच विचारतील.

कॉम्प्रेशन फिटिंगचा जोड सोपा आहे म्हणून लोक घाई करतात. पाईप काटकोनात कापा, बाहेरची कड पात्याने उतरवा, फिटिंगमध्ये किती आत जायला हवा ते मोजून पाईपवर खूण करा. रबरी ओ-रिंगला साबणाचं पाणी लावा आणि खुणेपर्यंत ढकला. ओ-रिंगपाशी अडतो तिथेच 'गेला' समजून नट आवळला तर त्या दिवशी थेंबही गळत नाही. पण रोज सकाळी हवा आणि पाणी एकदम धक्क्याने येतं, आणि पंधरा दिवसांत पाईप बाहेर सरकतो. टेफ्लॉन आट्याच्या तोंडाकडून बघत घड्याळाच्या दिशेने, अर्धा इंचाला दहा-बारा वेढे.

निळा पाईप उन्हात ठेवायचा नाही. नागपूरच्या मे महिन्यात तर नाहीच, दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतो. जमिनीतून वर येतो तिथपासून पीव्हीसीच्या नळीत घाला किंवा तेवढा भाग जीआयचा करा.

बुजवण्याआधी एक सकाळ चर उघडा ठेवा. टाक्याकडची दोन्ही टोकं बंद, मीटरकडचे व्हॉल्व्ह उघडे. हवा गेल्यावर ३० मिनिटं लाल काटा बघा. हलायलाच नको. मग माती.

नळ_ते_पेला

वरच्यात दोन गोष्टी जोडते. पट्टीत गडरचे चेंबर असतील तर पाण्याचा पाईप गडर लाईनच्या वरूनच न्या, अर्धा मीटर अंतर मिळालं तर उत्तम, आणि जिथे ओलांडता तिथे जोड नको. तुमचा पाईप अखंड असल्याने ते आपोआप जमेल.

दुसरं टाक्यातलं. पाणी येणारं तोंड ओव्हरफ्लोच्या वर हवं, पाण्यात बुडलेलं नको. बुडालेलं असलं तर नळ गेल्यावर टाक्यातलं पाणी उलट लाईनीत खेचलं जातं. एनआरव्ही त्यासाठीच आहे, पण त्यात कचरा अडकला की तो उघडाच राहतो. तोंड आणि पाण्यामधली मोकळी हवा मात्र कधी अडकत नाही. जोडणी झाल्यावर पहिल्या सकाळी दोन्ही लाईनी १० मिनिटं बाहेर सोडा. तुमच्या २० मीटर पाईपमध्ये अवघं सहा-साडेसहा लिटर पाणी मावतं, त्यामुळे एवढं सोडलं की पाईप धुऊन निघतो. त्यानंतर टाकी रिकामी करून घासा. तळाचा गाळ आधीच्या महिन्यांचा आहे.

कलम_आणि_कागद

काम सुरू करण्याआधी साध्या कागदावर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मजकूर असा पुरे:

'मीटरपुढील टी व तेथवरचा पाईप दोन्ही घरांचा सामायिक, त्याचा खर्च निम्मा-निम्मा. टीनंतरची २० मिमी लाईन पुढील घराची, २५ मिमी लाईन मागील घराची, ज्याची त्याने दुरुस्त करावी. मागील घराला आपली लाईन दुरुस्त करण्यासाठी दोन दिवस आधी सांगून पुढील घराच्या पूर्वेकडील पट्टीत खोदता येईल व त्याने जागा पूर्ववत करून द्यावी. पाणी वाहत असल्यास लगेच सांगून व्हॉल्व्ह बंद करता येईल. पाण्याचे बिल फाट्यावरील मीटरप्रमाणे.'

दिशा तुमची असेल ती घाला. सोबत चराचा आराखडा जोडा: भिंतीपासून किती फूट, किती खोल, कोणता पाईप भिंतीकडे. चर उघडा असताना टेप ठेवून काढलेले फोटो पुढे कोणी घर विकलं तर नव्या माणसाला दाखवायला लागतात.

यंदाचा खर्च असा मांडा: खोदाई, रेती, मुरूम आणि पेव्हर यांचे दोन भाग. पहिल्या ६ मीटरांचा निम्मा-निम्मा, पुढच्या ११ मीटरांचा तुमचा. टी, युनियन आणि गेटाजवळचे निपल निम्मे-निम्मे. आपापला पाईप, व्हॉल्व्ह, एनआरव्ही आपापल्या पैशाने. मजुरीही लांबीच्या प्रमाणात.

काका तरी अडले तर लेखी पत्र द्या, त्यात मोजमापाचे तीन आकडे लिहा. तेही चाललं नाही तर कोर्टात दावा टाकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करा. दोघांना बोलावून समोरासमोर बसवतात, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते.

आणि पुढेमागे मागच्या घराचं स्वतंत्र कनेक्शन घ्याच. घरटॅक्स तुमच्या नावावर वेगळा लागलेला असेल तर झोन कार्यालयात अर्ज करता येतो. आधी जुन्या कनेक्शनची थकबाकी शून्य करा. नवी लाईनही काकांच्या पट्टीतूनच जाणार, म्हणून वरचा कागद तेव्हाही लागेल.

मागचं_घर

काका निम्म्या खर्चाला तयार आहेत, बिलाची मीटरं त्यांना पटली. एकच राहिलं. पायरी फोडायला ते नाही म्हणतात.

आटे_आणि_टेफ्लॉन

फोडू नका. जुना जीआय तिथेच राहू द्या, दोन्ही टोकं डमी प्लग लावून बंद करा. पायरीच्या बाजूने वळसा घ्या, अर्धा-पाऊण मीटर पाईप जास्त लागेल. एमडीपीईला एकदम काटकोनात वाकवू नका, पाईपच्या व्यासाच्या पंचवीसपट त्रिज्या धरा. २५ मिमीला ती साधारण दोन फूट होते. तेवढी जागा नसेल तर तिथे कॉम्प्रेशन एल्बो टाका, पण त्याच्यावर छोटं चेंबर बांधा आणि आराखड्यात खूण करा.